ऐरोलीची होडी की घारापुरीची लाँच?

हिवाळ्यात मुंबईच्या पाण्यावर पक्षी पाहायचे आहेत आणि हाताशी एकच रविवार आहे, तर पहिला प्रश्न महिना कोणता हा. डिसेंबर असेल तर घारापुरीची, म्हणजे एलिफंटा बेटाची लाँच. फेब्रुवारी उजाडला असेल तर ठाणे खाडीतली ऐरोलीची होडी. मधला जानेवारी मात्र डोकं खातो, आणि तिथे तिथी बघावी लागते.

ऐरोलीला लोक जातात ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पाहायला. ठाणे खाडीचा सुमारे 1690 हेक्टरचा पट्टा 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता मिळाली. बहुतेक थवे लहान रोहिताचे असतात: चोच गडद, जवळजवळ काळपट. मोठा रोहित उंच, अंगाने पांढुरका आणि गुलाबी चोचीचं टोक तेवढं काळं. लहान रोहित चोच उलटी बुडवून पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, म्हणून त्याला हवा असतो उथळ पाण्याखालचा चिखल. अडचण इथेच आहे. होडीला पाणी हवं आणि पक्ष्यांना चिखल. पूर्ण भरतीला चिखल बुडाला की थवे उठून खाडीकाठच्या पाणथळ जागांवर जाऊन बसतात. पूर्ण ओहोटीला होडीच निघत नाही. दोघांचं जमतं ते मधल्या तासा-दोन तासांत. त्यामुळे फेरीची वेळ तुमच्या सोयीची नसते, ती समुद्र ठरवतो.

कोकणातला जुना हिशोब इथे कामाला येतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराच्या आसपास येते, म्हणजे सकाळी उशिरा पाणी चढतं असतं आणि उजेडही भरपूर. अष्टमी-नवमीच्या रविवारी भर दुपारी खाडी कोरडी. त्या दिवशी ऐरोलीचा नाद सोडा. हा अंदाज बंदराचा आहे, खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा पोचतं. निघण्यापूर्वी भरतीचं वेळापत्रक बघाच आणि आगाऊ नोंदणी करा.

लाँचचं तसं काही नाही. गेटवेला जायचं, तिकीट काढायचं, साधारण तासाभरात बेट. पक्ष्यांच्या जाती ऐरोलीपेक्षा कमी दिसतील हे खरं. तिथे एका फेरीत पाणटिवळे, तुतवार, कर्ल्यू, बगळे, खंड्या असं बरंच पदरात पडतं. लाँचवर मुख्यतः कुरव (गल), सुरय (टर्न) आणि घारी. पण कुरव हाताच्या अंतरावर येतात, आणि नवशिक्याला याहून चांगली शाळा नाही. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, दोन्ही कुरव थंडीत पांढऱ्या डोक्याचेच असतात (नाव ठेवणाऱ्याने उन्हाळ्यात पाहिले असावेत). डोळ्यामागे तेवढा एक काळसर ठिपका. मग ओळखायचे कसे? पंखाचं टोक बघा. काळ्या टोकात पांढरे ठसठशीत ठिपके असतील आणि डोळा फिकट असेल तर तपकिरी डोक्याचा. पंखाची पुढची कड पांढऱ्या पाचरीसारखी चमकली आणि डोळा गडद असला तर काळ्या डोक्याचा. लाँचच्या मागे पन्नास कुरव तरंगत असतात, त्यामुळे चूक झाली तरी पुढच्या क्षणी दुसरा पक्षी हजर. मार्चच्या सुमारास डोक्यांवर रंग चढायला लागतो आणि परीक्षा सोपी होते.

ते इतके जवळ येतात कारण प्रवासी कुरकुरे फेकतात. तुम्ही फेकू नका. बाकीचे फेकतीलच, आणि पक्षी येतीलच.

लाँचवर बसायची जागा फार महत्त्वाची. पहिल्या खेपेला मी ऐटीत उजवीकडची कड पकडली आणि जाईपर्यंत नुसत्या काळ्या आकृत्या पाहिल्या. सकाळी जाताना ऊन उजवीकडून येतं, म्हणून डावी बाजू धरा. दुपारी परतताना उजवी. बेटाच्या धक्क्यावर उतरलात की लगेच लेण्यांकडे धावू नका. ओहोटी असेल तर चिखलात समुद्री बगळा दिसतो, राखाडीही आणि पांढराही. जात एकच, रंग दोन. लेणी सोमवारी बंद असतात.

दुर्बीण आठपटीची न्या. दहापटीच्या दुर्बिणीतून इंजिनाची थरथरही दहापट दिसते. कॅमेरावाल्यांनी मात्र ऐरोलीच निवडावी: होडी लहान, पक्षी पाण्याच्या पातळीला, आणि थव्याजवळ इंजिन मंद करायला सांगता येतं. अगदी जवळ न्या म्हणून गळ घालू नका; थवा माना वर करून एका दिशेला चालायला लागला की तिथेच थांबायचं.

ज्यांना बोट लागते त्यांना शिवडीचा धक्का आहेच. डोक्यावरून आता 2024 पासून अटल सेतू जातो, पण ओहोटीच्या मध्यावर जमिनीवरूनच रोहितांचे थवे दिसतात.

माझ्यापुढे जानेवारीतला एकच रविवार असता, तर पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे मी ऐरोली धरली असती. नाहीतर गेटवेवरून पहिली लाँच, वरचा मजला, डावी कड.