लेनर्ड कोहेन यांचा 'यू वॉन्ट इट डार्कर' : तहाची बोलणी चालूच

लेनर्ड कोहेन यांचा चौदावा स्टुडिओ अल्बम 'यू वॉन्ट इट डार्कर' २१ ऑक्टोबर २०१६ रोजी कोलंबिया रेकॉर्ड्सतर्फे प्रकाशित झाला. नऊ गाणी आणि छत्तीस मिनिटे एवढाच त्याचा ऐवज आहे. परंतु तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या असलेल्या या कवी-गायकाने तेवढ्या अवकाशात जो वाद मांडला आहे तो ऐकल्यावर, उतारवयात माणूस देवधर्माला लागतो आणि निवतो, हा आपला सोयीस्कर समज टिकत नाही. कोहेन देवासमोर उभे आहेत ते हिशेबाची वही उघडून.

शीर्षकगीताच्या आरंभी जे समूहस्वर ऐकू येतात, ते माँट्रियलच्या शार हाशोमायिम या सिनेगॉगच्या गायकवृंदाचे आहेत. हे कोहेन घराण्याचे पिढीजात यहुदी प्रार्थनास्थळ. त्यांचे आजोबा आणि पणजोबा दोघेही तेथे अध्यक्ष होते. त्या स्वरांखाली बेसची एक आखूड चाल घुटमळत राहते आणि मग कोहेन यांचा आवाज येतो, तो इतक्या खालच्या पट्टीत की याला गाणे म्हणावे की बोलणे, असा प्रश्न पडावा. मृतांसाठी म्हटल्या जाणाऱ्या कद्दिश या यहुदी प्रार्थनेतील ईश्वरस्तुती ते उचलतात आणि तिला लागूनच, कधीच न आलेल्या मदतीची तक्रार नोंदवतात. त्यानंतर येते 'हिनेनी', म्हणजे देवाच्या हाकेला यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहम याने दिलेले 'हा मी हजर आहे' हे उत्तर. अखेरीस सिनेगॉगचे मुख्य गायक गिडियन झेलर्मायर हाच शब्द आळवत नेतात. विठोबाला खडसावणारे, त्याच्याशी उभा दावा मांडणारे संत ठाऊक असलेल्या मराठी श्रोत्याला हा सूर परका वाटणार नाही. मात्र आपल्या संतांच्या भांडणात घरच्या माणसावर रुसण्याचा हक्क असतो. येथे समोरचा पक्ष अवाक्षर बोलत नाही, आणि तरीही हे गृहस्थ हजेरी लावतात.

'ट्रीटी' (तह) या गाण्यात हाच वाद थकल्या आवाजात तहाच्या मागणीपर्यंत येतो. लढाईत कोण जिंकले याचे आता सोयरसुतक उरलेले नाही, दोघांच्या प्रेमात काही करार झाला असता तर बरे झाले असते, एवढेच म्हणणे आहे. ते प्रेयसीला उद्देशून आहे की ईश्वराला, हे कोहेन यांनी मुद्दाम उघडे ठेवले आहे. माझ्या मते अल्बममधील हे सर्वांत सरस काव्य होय.

झेन या बौद्ध पंथाच्या मठातील मुक्काम आटोपून कोहेन १९९९ मध्ये मुंबईत आले होते आणि केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात राहून, निसर्गदत्त महाराजांचे शिष्य आणि बँक ऑफ इंडियाचे निवृत्त अधिकारी रमेश बाळसेकर यांच्या सत्संगाला जात होते. कर्ता मी नाही, या बाळसेकरांच्या शिकवणुकीचे धागे प्रत्येक ओळीत शोधण्याचा आपला उत्साह आवरलेला बरा; तथापि कालपर्यंत मानलेली सत्येही मागे टाकत वाट काढायला सांगणारे 'स्टीअर युवर वे' ऐकताना ती आठवण होतेच.

मणक्यांच्या दुखण्यामुळे कोहेन यांना स्टुडिओ गाठणे शक्य नव्हते. तेव्हा चिरंजीव ॲडम यांनी लॉस एंजेलिसच्या राहत्या घरातच माइक मांडला, वडील वैद्यकीय खुर्चीत बसून गायले, आणि बरीचशी वाद्ये अन्यत्र ध्वनिमुद्रित होऊन आली. या अडचणीचा अल्बमला फायदाच झाला आहे. १९८०च्या दशकापासून कोहेन यांना जडलेला कीबोर्डचा सोस येथे पुष्कळसा आवरला आहे आणि आवाजाभोवती भरपूर मोकळी जागा सोडली आहे, त्यामुळे ओळ संपताना घेतलेला श्वासदेखील कानावर येतो. 'ट्रॅव्हलिंग लाइट'मधील ग्रीक वळणाची तंतुवाद्ये ऐकताना, तरुणपणी कोहेन ज्या हायड्रा या ग्रीक बेटावर राहिले ते बेट आणि जुलै २०१६ मध्ये निवर्तलेल्या, त्या काळच्या त्यांच्या प्रेयसी मारियान इलेन यांचे स्मरण चाहत्यांना होईल. गाण्यात मात्र कोणाचेही नाव नाही. 'इफ आय डिडन्ट हॅव युवर लव्ह' हे प्रेमगीत त्यामानाने फिके आहे. 'तू नसतीस तर' या धर्तीच्या कल्पनांची नुसती माळ ओवणे कोहेन यांच्या दर्जाला शोभत नाही.

'न्यू यॉर्कर' या साप्ताहिकाच्या मुलाखतीत आपण मरायला तयार असल्याचे कोहेन बोलून गेले, आणि त्यानंतर ऑक्टोबरमध्येच लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमात, ते जरा अतिशयोक्त होते, आपला तर चिरकाल जगण्याचा इरादा आहे, असे सांगून त्यांनी पत्रकारांना हसवले. पुढे ७ नोव्हेंबर २०१६ रोजी कोहेन निवर्तले; तरीही हा अल्बम केवळ मृत्युपत्र समजून ऐकण्याची घाई समीक्षकांनी करू नये. 'लीव्हिंग द टेबल'मध्येही खेळातून उठल्याचे जाहीर करणाऱ्या माणसाच्या बोलण्यात मिस्कीलपणा शाबूत आहे. कोहेन प्रथमच ऐकणाऱ्याने याच गाण्यापासून सुरुवात करावी. एक सूचना आवश्यक आहे. मोबाइलच्या स्पीकरवर हा खर्ज निम्मा हरवतो आणि मग उरलेले गाणे नीरस वाटू लागते, म्हणून हेडफोन किंवा बऱ्यापैकी स्पीकर यांची सोय असल्याशिवाय हा अल्बम लावू नये.