शेलमधून लाइव्ह फीड वाटताना: कस्टम इव्हेंट की शेअर्ड स्ट्रीम?

मायक्रो फ्रंटएंडमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या टीमनी केलेले तुकडे जोडून बनलेल्या वेब अ‍ॅपमध्ये, लाइव्ह फीड आणायचा म्हटलं की आधी सुचतं ते हेच, की प्रत्येक टीमने आपापलं कनेक्शन उघडावं. शेलच्या (हे तुकडे एकत्र बसवणाऱ्या मुख्य अ‍ॅपच्या) रिलीजसाठी कुणाला थांबावं लागत नाही, हा फायदा खराच. पण फीड एसएसईचा (सर्व्हर उघड्या कनेक्शनवरून एकतर्फी मेसेज पाठवत राहतो, ती पद्धत) असेल आणि सर्व्हर अजून एचटीटीपी १.१ वर असेल, तर ब्राउझर एका डोमेनला ६ च कनेक्शन देतो, तीही सगळ्या टॅबना मिळून. ४ टाइल (पानावरचे माहितीचे चौकोन) आणि २ टॅब झाले की साधे एपीआय कॉलसुद्धा ताटकळतात. वेबसॉकेट किंवा एचटीटीपी/२ असेल तर ही अडचण येत नाही, तरी एकाच पानावर तोच फीड चारदा उतरवणं मला पटत नाही. म्हणून कनेक्शन एकच आणि ते शेलकडे, असं धरून पुढचं लिहितो.

शेलने हा डेटा रिमोटपर्यंत, म्हणजे टीमच्या तुकड्यांपर्यंत, पोचवायचा कसा, हा खरा निर्णय. महाप्याच्या ऑफिसात आम्ही न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डचा डॅशबोर्ड करतो. शेल रिअ‍ॅक्टमध्ये, एक रिमोट अँग्युलरचा, म्हणजे दोन वेगळ्या तंत्रांत. तिथे कस्टम इव्हेंट आणि शेअर्ड स्ट्रीम या दोन्ही पद्धती मी वापरल्या आहेत.

ब्राउझरच्या विंडोवर कस्टम इव्हेंट, म्हणजे आपणच नाव दिलेला संदेश, टाकणं फारच सुटसुटीत. लायब्ररी लागत नाही, रिअ‍ॅक्टवाला आणि अँग्युलरवाला दोघेही सारखंच ऐकतात, व्हर्जनचं भांडण नाही. दोन-तीन टीम नुकत्याच एकत्र येत असतील तर सुरुवात इथूनच करावी, असं मलाही वाटतं.

पण इव्हेंटला आठवण नसते. आमच्याकडे ट्रकचं लोकेशन दर काही सेकंदांनी येतं, त्यामुळे नकाशाच्या टाइलमध्ये काहीच खटकलं नाही. गेटची स्थिती मात्र बदलली तरच येते, आणि कधीकधी तासभर बदलत नाही. गेटची टाइल लेझी लोड होते, म्हणजे गरज पडेल तेव्हाच उतरते. ती माउंट होईपर्यंत (पानावर बसेपर्यंत) इव्हेंट येऊन गेलेला असतो, मग टाइल कोरीच. यार्डातल्या सुपरवायझरचा फोन आला, "साहेब, गेट ४ समोर ट्रकची रांग लागलीय आणि स्क्रीनवर काहीच दिसत नाही." पान रिफ्रेश केलं की कधी दिसायचं, कधी नाही, आधी टाइल लोड होते की आधी मेसेज येतो, यावर सगळं अवलंबून.

याला उपाय आहे. टाइलने माउंट होताच "शेवटची स्थिती पाठव" असा उलटा इव्हेंट टाकायचा आणि शेलने उत्तर द्यायचं. आम्ही तेही केलं. पण उत्तर विंडोवरच येत असल्याने आधीपासून ऐकणाऱ्या टाइलनाही ते पुन्हा मिळतं, आणि अलर्टच्या टाइलने जुनाच अलर्ट दुसऱ्यांदा वाजवला. माझं मन स्ट्रीमकडे वळलं ते इथेच.

आरएक्सजेएस या जावास्क्रिप्ट लायब्ररीतली बिहेवियर सब्जेक्ट नावाची स्ट्रीम उशिरा आलेल्याला शेवटची किंमत (व्हॅल्यू) लगेच देते, आणि ती फक्त त्यालाच. एक बारकावा सांभाळा: सब्जेक्टमध्ये सुटे मेसेज ठेवू नका. नाहीतर गेट ४ विचारणाऱ्या टाइलला गेट ७ चा शेवटचा मेसेज मिळेल. सगळ्या गेटांची स्थिती एका मॅपमध्ये ठेवून तो मॅप द्या, सोबत वेळ आणि कनेक्शन चालू आहे की तुटलंय हेही. तुटलेल्या कनेक्शनची शेवटची किंमत ताजी म्हणून दाखवणं कोऱ्या टाइलपेक्षा घातक.

स्ट्रीमची किंमतही मोजावी लागते. मॉड्यूल फेडरेशनमध्ये (अ‍ॅप चालू असताना तुकड्यांचा कोड आणून जोडण्याची सोय) सब्जेक्ट असलेलं तुमचं पॅकेज शेअर्ड करून सिंगलटन, म्हणजे सगळ्यांत मिळून एकच प्रत, ठेवावंच लागतं. ते करायचं राहिलं तर रिमोट स्वतःची वेगळी प्रत उतरवतो, तिच्यात कुणी काही घालत नाही, आणि कन्सोलमध्ये एररही दिसत नाही. त्या पॅकेजचा इंटरफेस बदलायचा तर सगळ्या टीमना विचारावं लागतं. ज्यांचा तेवढा रोजचा संवाद नाही, त्यांना हे जाचक वाटू शकतं.

तुमचा प्रत्येक फीड सतत हलता असेल, तर कस्टम इव्हेंटवर वर्षानुवर्षं निभावेल. क्वचित बदलणारा एक जरी फीड असला तरी मी पहिल्या दिवसापासून स्ट्रीम घेईन. ठरवण्याआधी तुमच्या सगळ्यात संथ फीडची टाइल मुद्दाम उशिरा लोड करून बघा.