खांद्यात प्लेट बसल्यावर: फिजिओ घरी की क्लिनिकमध्ये?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या शेजारच्या काकूंचं खांद्याचं हाड मोडलं, ते जोडायला ऑपरेशन करून धातूची प्लेट बसवली. टाके निघाले. आता फिजिओला घरी बोलवायचं की क्लिनिकला जायचं, यावर घरात दोन तट.

सुरुवातीचे साधारण सहा आठवडे घरच बरं. तेव्हाचे व्यायाम साधे: पुढे वाकून हात लोलकासारखा झुलवणं, चांगल्या हाताने काठी धरून दुखरा हात वर नेणं, कोपर-मनगट-बोटं हलवत ठेवणं. यंत्र लागत नाही. शिवाय गळ्यात हात अडकवून रिक्षाचे धक्के कोण खाणार? घरच्या भेटीची फी जास्त, पण क्लिनिकच्या फीत सोबत येणाऱ्याचा वेळ आणि रिक्षाभाडं धरलं की फरक फारसा उरत नाही.

एक्स-रेत हाड जुळताना दिसलं आणि सर्जनने जोर द्यायला परवानगी दिली, की क्लिनिक सरस. पुली, रबर बँड, वजनं तिथेच. घरी ‘आज दुखतंय, राहू दे’ खपतं, आणि खांदा आखडतो तो याच लाडाने.

वयस्कर, जिन्याची भीती असलेल्यांनी घरीच करावं. स्कूटर चालवायची, नोकरीवर परतायचं, त्यांनी नंतर क्लिनिक गाठावं. काकूंना मी दोन्ही सुचवलंय, याच क्रमाने.