मिक्स सुका कचरा, एकच डबा: पावसाळा नि चवथ काढल्यानंतरचा अनुभव

गोव्यात पर्वरीतल्या आमच्या सोसायटीत सुका कचरा एकाच डब्यात गोळा करायला लागलो त्याला आता पावसाळा आणि चवथ (गणेश चतुर्थी) दोन्ही उलटून गेली, म्हणून लिहितेय. पद्धत चालते, मी परत हीच निवडेन, पण डबे आणून ठेवले की काम झालं असं अजिबात नाही.

घरात कागद, पुठ्ठा, प्लास्टिक बाटल्या, दुधाच्या पिशव्या, कॅन, टेट्रापॅक सगळं एका पिशवीत, ती खाली निळ्या डब्यात, आणि वर्गवारी पुढे शेडमधल्या बायका करतात. 2016 च्या घनकचरा नियमांप्रमाणे 5000 चौरस मीटरवरच्या सोसायट्यांनी ओला-सुका वेगळा करायलाच हवा होता. कमिटीत आधी पाच-सहा डब्यांची कल्पना होती, पण बाटलीच्या तळाचा प्लास्टिकचा प्रकार सांगणारा 1 की 5 हा आकडा बघून टाकायला वयस्कर माणसांना कोण सांगणार? एक डबा म्हटल्यावर घरं पटकन तयार झाली.

काच मात्र यात नको म्हणजे नकोच. बियरच्या बाटल्या निळ्या डब्यात पडल्या की फुटतात, तुकडे पुठ्ठ्यात घुसतात, आणि हात कापतात ते वेचणाऱ्या बाईचे. आम्ही वॉचमनच्या केबिनजवळ काचेसाठी वेगळे क्रेट ठेवलेत. अख्खी बियरची बाटली धुऊन परत भरली जाते म्हणून भंगारवालाही ती आवडीने नेतो, फुटलेल्या काचेला तो हात लावत नाही.

सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर मासळीच्या पिशव्यांचा. सकाळी बांगडे आणले, साफ केले, पिशवी तशीच खारं पाणी आणि रक्तासकट निळ्या डब्यात, मग दुपारपर्यंत वास, माश्या, आणि त्या एका पिशवीने खालचे सगळे पेपर वाया. 120 मायक्रॉनखालच्या कॅरीबॅगवर 31 डिसेंबर 2022 पासून बंदी आहे तरी मासळीबाजारात पातळ पिशवी सर्रास मिळते. आता बऱ्याच घरांतून झाकणाचा डबा घेऊनच बाजारात जातात, आणि जे पिशवी आणतात ते धुऊन बाल्कनीत वाळवतात. हे पटवायला खूप वेळ लागला, दारोदार जाऊन बोलावं लागलं, नुसत्या व्हॉट्सॲप मेसेजने काही होत नाही.

दुसरी गोष्ट आपला पाऊस. भिजलेल्या पुठ्ठ्याला बुरशी धरते, भाव मिळत नाही, आणि जुलैत तो वाळणार तरी कुठे! ताडपत्रीने भागत नाही कारण पाऊस तिरका आत येतो, त्यामुळे पुठ्ठा ठेवायच्या जागेला तिन्ही बाजूंनी पत्रा आणि खाली लाकडी फळ्या हवेतच. कोणी सुरू करणार असेल तर हे मेमध्येच करून घ्या. पावसात आम्ही कागद-पुठ्ठा लॉबीत ठेवला, जागा अडली पण माल वाचला.

चवथीला माटोळीची (गणपतीच्या वर टांगतात त्या सजावटीची) फळं-पानं सुतळ्या, तारा काढून ओल्यात गेली, ते सोपं होतं. थर्माकोलची मखरं मात्र कोणीच घेत नाही, जागा खातात आणि वजन काही नाही, पुढच्या वर्षी कापड किंवा बांबू वापरा असं आत्तापासून सांगतोय.

चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटंही भंगारात विकली जात नाहीत. गोव्यातला असा माल कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत इंधन म्हणून जातो. डोंगरात फेकण्यापेक्षा बरंच, पण मला त्याला रिसायकलिंग म्हणवत नाही, अशी पाकिटं घरात कमी यावीत एवढंच वाटतं.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्यायचे, यात अजिबात सूट देऊ नका, समोर हाताने वेचणारं माणूस आहे.

भाड्याने राहणारे आणि सुट्टीला येणारे फ्लॅटवाले सारखे बदलतात, त्यांच्यासाठी लिफ्टशेजारी बोर्ड लावलाय. त्यावर मजकूर कमी आणि खरी रिकामी पाकिटं, झाकणं, कॅन चिकटवलेत, कोकणी-मराठी न येणाऱ्यालाही बघून कळतं. पाकिटं सुटली की वॉचमन नवी चिकटवतो.