किबेरातली पायी फेरी: जा, पण बूट जुने घाला

नैरोबीत नोकरीला येऊन तीन वर्षं झाली, पण इथल्या किबेरा या मोठ्या झोपडपट्टीत पाऊल टाकलं नव्हतं. शेवटी वस्तीतल्याच तरुणांच्या एका गटाची फेरी केली. माणशी दीड हजार शिलिंग, एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून. निघायला चाळीस मिनिटं उशीर, वर कुणी साधं 'समाहानी' (स्वाहिलीत 'माफ करा') ही म्हटलं नाही.

वाटाडी पोरगी मात्र पक्की. रेल्वे रुळांपाशी थांबवून तिनं डोक्यावरून गेलेले पाण्याचे पाइप दाखवले. जमिनीतले पाइप पाणीचोर फोडतात, मग गटार आत शिरतं. म्हणून 'शोफको'नं ते उंच खांबांवरून नेले. किबेरातच वाढलेल्या केनेडी ओडेडे यांनी २००४ मध्ये सुरू केलेली ही संस्था. ही पोरगी स्वतः वॉर्डाच्या बैठकांत संडासांसाठी भांडते. काउंटीच्या बजेटचा कागद पिशवीत, चार घड्या घातलेला, लाल पेनाच्या खुणांनी भरलेला. मी "किती गरिबी" म्हणून सुस्कारा सोडला, तर तिनं तोच कागद पुढे धरला. "हा आकडा वाचा आधी." कान लाल झाले माझे.

हाडांच्या दागिन्यांच्या दुकानातली शेवटची वीस मिनिटं उगाच होती. तरी बायकोसाठी कानातले घेतलेच.