45 लाखांचे घर: कर आणि परदेशातला पैसा, कोल्हापूरकराने आधी कशाकडे पाहावे?

कोल्हापुरात घरांचे दर एवढे का चढले, असे विचारले की दोन उत्तरे हमखास मिळतात. एक म्हणजे, सरकार इतके कर घेते की घर घेणाऱ्याचे कंबरडे मोडते. दुसरे म्हणजे, दुबई-अमेरिकेतली मंडळी मागेल तो दर मोजतात, मग इथल्या माणसाला विचारतो कोण? 40 ते 50 लाखांत राहते घर शोधणाऱ्या कुटुंबाने ही दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी ठेवून तपासावीत. कराचा हिशेब कागदावर मांडता येतो आणि त्यात काही वाचवताही येते. परदेशातल्या पैशाचा परिणाम मात्र दरात आधीच मुरलेला असतो आणि एक जागा सोडली तर त्यावर आपला इलाज चालत नाही.

आधी कर पाहू. बांधकाम सुरू असलेल्या सदनिकेवर 1 एप्रिल 2019 पासून जीएसटीचे दोन दर आहेत. महानगरांबाहेर, म्हणजे कोल्हापुरातही, कार्पेट क्षेत्र, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापराची जागा, 90 चौरस मीटरपर्यंत (सुमारे 969 चौरस फूट) आणि किंमत 45 लाखांपर्यंत असेल तर 1 टक्का. यांपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तरी 5 टक्के. आपल्याकडची दोन शयनगृहांची सदनिका सहसा क्षेत्रफळात बसते, अडते ते किमतीत. 45 लाखांच्या सदनिकेवर जीएसटी 45 हजार रुपये होतो, तर 46 लाखांच्या सदनिकेवर तोच 2 लाख 30 हजार होतो. म्हणजे घर 1 लाखाने महाग झाले आणि कर 1 लाख 85 हजारांनी वाढला. शिवाय ही 45 लाखांची रक्कम केवळ सदनिकेची नसते. पार्किंग, विकास शुल्क, पूर्वाभिमुख किंवा कोपऱ्यावरच्या सदनिकेसाठी घेतलेली जादा रक्कम हे सारे तिच्यात मोजले जाते. बिल्डरने 43 लाख सांगून पुढे पार्किंगचे 3 लाख वेगळे लावले, तर ग्राहक नकळत 5 टक्क्यांत जातो. त्यामुळे 46 ते 48 लाखांच्या घरावर घासाघीस करताना ‘थोडे कमी करा’ असे म्हणण्यापेक्षा ‘सगळे धरून 45 च्या आत बसवा’ असे म्हणणे जास्त फायद्याचे आहे.

पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या सदनिकेवर आणि जुन्या घराच्या पुनर्विक्रीवर जीएसटी लागत नाही. मात्र म्हणून तयार नवे घर करमुक्त झाले, असे समजू नये. सिमेंट-लोखंडावर बिल्डरने भरलेल्या जीएसटीची वजावट त्याला मिळत नाही, त्यामुळे तो खर्च किमतीत मिसळलेला असतो. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला खरा. पण घराच्या किमतीत जमिनीचाच वाटा मोठा असल्यामुळे ही कपात ग्राहकाच्या खिशापर्यंत फारशी पोहोचेल, असे मला वाटत नाही.

मुद्रांक शुल्क नव्या-जुन्या दोन्ही घरांना सारखेच आहे: महापालिका हद्दीत 5 टक्के आणि स्थानिक संस्थेचा 1 टक्का अधिभार, आणि तेही करारातील किंमत किंवा रेडीरेकनरचे (सरकारी दरपत्रकातले) मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर. घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास 1 टक्का सवलत मिळते; पती-पत्नी दोघांच्या नावे घेतल्यास ती मिळत नाही. नोंदणी शुल्काची कमाल मर्यादा 30 हजार आहे. एकूण गोळाबेरीज केली तर 45 लाखांच्या पुनर्विक्रीच्या घरावर 3 लाख, त्याच किमतीच्या बांधकाम सुरू असलेल्या घरावर 3 लाख 45 हजार आणि 46 लाखांच्या तशाच घरावर 5 लाख 36 हजार जातात. आयकरातील सवलतीची आशा तर पगारदाराने जवळजवळ सोडावी. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या कर्जव्याजाची वजावट नाही आणि जुन्या प्रणालीतली 2 लाखांची मर्यादा 2014 पासून तिथेच आहे.

एका बाबतीत मात्र आयकर चांगलाच उदार आहे, आणि ती बाब स्थानिक खरेदीदाराच्या मुळावर येणारी आहे. दुसरे घर कुलूपबंद ठेवले तरी त्याचे काल्पनिक भाडे उत्पन्नात धरले जात नाही; 2025 च्या अर्थसंकल्पाने त्यासाठी घरात न राहण्याचे कारण दाखवण्याची अटही काढून टाकली. याउलट कॅनडातील व्हँकुव्हर शहर रिकाम्या घरांवर वेगळा कर लावते. संध्याकाळी नव्या इमारतींतल्या अंधाऱ्या खिडक्या पाहिल्या की या फरकाचा अर्थ कळतो.

आता परदेशातला पैसा. गृहबांधणी प्रकल्पांत 100 टक्के थेट परकीय गुंतवणुकीला 2005 मध्ये वाट मोकळी झाली, पण तेव्हा किमान 50 हजार चौरस मीटर बांधकामाची अट होती. ही आकाराची अट 2015 मध्ये गेली, तरी परदेशी निधींचा ओढा मोठ्या शहरांकडेच राहिला. कोल्हापुरात दर वाढवणारा पैसा कंपन्यांचा नसून आपल्याच माणसांचा आहे. आखातात नोकरी करणाऱ्याला पगारावर आयकर नाही, त्यामुळे त्याची शिल्लक मोठी असते. आणि परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. त्यामुळे हा सगळा पैसा सदनिका आणि बिगरशेती प्लॉट यांच्याकडेच वळतो, म्हणजे नेमका तिथेच, जिथे इथला शिक्षक, कारकून किंवा शिरोली एमआयडीसीतला कामगार घर शोधत असतो.

सिंगापूरने एप्रिल 2023 मध्ये परदेशी खरेदीदारांवरचे जादा मुद्रांक शुल्क 30 वरून 60 टक्के केले. कॅनडाने त्याच वर्षी परदेशी नागरिकांच्या घरखरेदीवर बंदीच घातली. असे काही इथे करावे, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की परदेशात राहणाऱ्या, भारतीय वंशाच्या नसलेल्या नागरिकाला आपल्याकडे सर्वसाधारणपणे घर विकत घेताच येत नाही. तिथे नव्याने बांधलेली भिंत इथे आधीपासून उभी आहे, आणि परदेशात गेलेला आपला चुलतभाऊ त्या भिंतीच्या आतल्या बाजूला आहे.

बाहेरचा पैसा परदेशातूनच येतो, असेही नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यावर सहा जिल्ह्यांतल्या वकिलांना इथे कार्यालय आणि निवारा लागू लागला. दुसरीकडे, 1972 मध्ये महापालिका झाल्यानंतर कित्येक दशके शहराची हद्द वाढली नाही, आणि पंचगंगेच्या पूररेषेने आतली बरीच जमीन बांधकामाबाहेर ठेवली आहे. पुरवठा असा आवळलेला असताना मागणी थोडी वाढली तरी दर मोठा हलतो.

तेव्हा निवड कशी करावी? स्वतः राहायचे असेल आणि इमारत सुस्थितीत असेल, तर माझा कल राजारामपुरी किंवा ताराबाई पार्कातल्या जुन्या घराकडे आहे. कर कमी आणि भाडे भरत ताब्याची वाट पाहणे नाही. नवेच हवे असेल तर सर्व शुल्के धरून 45 लाखांच्या आत बसणारे घ्यावे, किंवा मग मर्यादेच्या बरेच पुढचे. अधलेमधले घेऊ नये.

आणि परदेशातला पैसा आपल्या बाजूने वळवता येतो ती जागा म्हणजे अनिवासी विक्रेत्याचे घर. स्थानिक विक्रेत्याकडून 50 लाखांखालचे घर घेताना करकपात, म्हणजे विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून आयकर कापून सरकारकडे भरणे, करावी लागत नाही. विक्रेता अनिवासी असेल आणि घर 24 महिन्यांहून अधिक काळ त्याच्याकडे असेल, तर खरेदीदाराला नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर 12.5 टक्के आणि उपकर मिळून 13 टक्के कापावे लागतात. 45 लाखांवर ही रक्कम 5 लाख 85 हजार होते. विक्रेत्याने आयकर विभागाकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आणले नाही तर त्याचे पैसे विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत अडकतात. या कटकटीमुळे अनेक खरेदीदार अशा घरापासून दूर राहतात, म्हणून कागदपत्रे नीट करण्याची तयारी असलेल्याला भावात सवलत मागता येते. फक्त एक चूक करू नये. कुलमुखत्यारपत्रावर सही करणारा विक्रेत्याचा भाऊ मंगळवार पेठेत राहतो, म्हणून विक्रेता निवासी ठरत नाही. कपात चुकली तर आयकर विभाग ती रक्कम खरेदीदाराकडून वसूल करतो.