टाइमशेअर विकून देतो म्हणणाऱ्यांचे फोन

ज्यांच्या गळ्यात हॉलिडे क्लबची मेंबरशिप आहे (यालाच टाइमशेअर म्हणतात: आधी मोठी रक्कम भरायची आणि दरवर्षी काही दिवस क्लबच्या रिसॉर्टमध्ये राहायचं) त्यांनी हे जरूर वाचा. ती विकणारे परवडले, पण त्यातून सोडवतो म्हणणारे नकोत.

माझ्या सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशातून २५ वर्षांची मेंबरशिप घेतली होती. मॉलमध्ये कुपन भरलं, 'बक्षीस लागलंय, जोडीनेच या' म्हणून हॉटेलात बोलावलं आणि 'ऑफर फक्त आजच' म्हणत सही घेतली. (जोडीने बोलावतात ते 'घरी विचारून सांगतो' म्हणायची सोय राहू नये म्हणून.) रद्द करायला १० दिवसांची मुदत होती, करार कुरिअरने हातात पडेपर्यंत ती उलटून गेली. पुढे मे महिन्यात महाबळेश्वर नाही, दिवाळीत गोवा नाही. मेंटेनन्स मात्र दरवर्षी वाढवून, तुम्ही जा नाहीतर जाऊ नका.

मग एकाचा फोन आला. मेंबरशिप नंबर, थकबाकी, सगळं त्याला तोंडपाठ. 'काका, गिऱ्हाईक तयार आहे, साडेचार लाख देतोय.' आधी एनओसीचे, म्हणजे ना हरकत दाखल्याचे, १२,००० घेतले. मग साडेचार लाखांवर १८ टक्के जीएसटी म्हणून ८१,०००, 'रिफंडेबल'. सोबत व्हॉट्सॲपवर रिझर्व्ह बँकेचा शिक्का मारलेलं पत्र. टीडीएस मागितला तेव्हा कुठे सासूबाईंनी मला कळवलं. अहो, टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, तो पैसे देणारा कापतो. ज्याला पैसे मिळायचेत तो आधी खिशातून कशाला भरेल? खातंही कंपनीचं नव्हतं, कुणाचं तरी साधं बचत खातं. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. जीएसटीचे आदल्याच दिवशी पाठवले होते, त्यातले थोडे त्या खात्यात गोठवले गेले. एनओसीचे गेले ते गेलेच.

मेंबरशिपचं म्हणाल तर बँकेत जाऊन ऑटो-डेबिट बंद केलं. पण तेवढ्यावर गप्प बसू नका, थकबाकीवर व्याज चढतच राहतं. क्लबला रजिस्टर पोस्टाने रद्द करण्याचं पत्र धाडलं आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. करारात 'न्यायक्षेत्र दिल्ली' छापलेलं असलं तरी २०१९च्या कायद्याने आपण राहतो तिथे तक्रार करता येते. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची. काही अडलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सध्या तारखा पडतायत. क्लबवाले अधूनमधून तडजोडीसाठी फोन करतात, आम्ही म्हणतो, जे काय असेल ते लेखी द्या.